गाडी धुतोय

‘कंट्रोल, एकवीस नंबर. गाडी धुतोय.’

वायरलेसवर दस्तगीरभाईंचा आवाज आला तेव्हा दुपारचे दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. मी बटण दाबून नेहमीचं उत्तर दिलं, ‘धुवा.’ आणि समोरच्या पडद्यावरचा एकवीस नंबरचा ठिपका लालच राहू दिला.

पाठीमागे बुटांचा आवाज झाला. शेडगेसाहेब. आमचे नवे पर्यवेक्षक, लष्कराच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले. येऊन चार महिने झाले होते, पण त्यांना खुर्चीत बसलेलं अजून कुणी पाहिलं नव्हतं.

‘एकवीस अजून लाल कशी? पेशंट तर उतरवला ना?’

‘उतरवला, साहेब. गाडी धुतायत. आत उलटी झालीय.’

‘गाडी पाच मिनिटांत धुऊन होते.’

‘मे महिना आहे, साहेब. पाणी मिळायला हवं ना आधी.’

माझ्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. एस.टी.च्या चौकशी खिडकीवर सहा वर्षं काढून मी इथं आले होते. तिथं लोक विचारायचे, गाडी कधी येणार? इथंही तेच विचारायचे. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते पुढच्या रांगेकडे गेले. मी मनात म्हटलं, सुटले.

पुण्यातल्या एका रुग्णवाहिका सेवेच्या कंट्रोल रूममधली ही गोष्ट. सेवेचं नाव सांगत नाही, तशी ती आता उरलेलीही नाही. एका मोठ्या खोलीत डाव्या हाताला फोन घेणाऱ्या मुलींची रांग. काय झालंय, कुठे झालंय हे विचारून त्या टाइप करायच्या आणि ते माझ्या पडद्यावर उमटायचं. पडद्यावर शहराचा नकाशा आणि त्यावर आमच्या अठ्ठावीस गाड्यांचे ठिपके. हिरवा म्हणजे मोकळी, पिवळा म्हणजे पेशंटकडे निघालेली, लाल म्हणजे पेशंट गाडीत किंवा दवाखान्याच्या दारात. प्रत्येक गाडीत एक डॉक्टर आणि एक ड्रायव्हर. ड्रायव्हरला आमच्यात पायलट म्हणायचे. पेशंट उतरवला की पायलटने पाच मिनिटांत बटण दाबायचं, ठिपका हिरवा व्हायचा. नवा फोन आला की यंत्र सर्वांत जवळची हिरवी गाडी सुचवायचं आणि मी तिला सोडायची. यंत्राला फक्त हिरवं दिसायचं. लाल ठिपक्याच्या आत काय चाललंय हे त्याला ठाऊक नसायचं, मला असायचं.

गाडी धुण्याची रीत मला माझ्या आधीच्या बाईंनी शिकवली होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कानात सांगितलं, ‘लहान पोर गेलं की गाडी धुवायला द्यायची. पंधरा मिनिटं. विचारायचं नाही, लिहायचं नाही.’ कुठल्याही नियमात ती नव्हती. वरच्यांना ठाऊक नव्हती. पण अठ्ठावीस गाड्यांमधला एकही पायलट असा नव्हता की ज्याने ती कधी फुकट वापरली. चहासाठी दहा मिनिटं हवी असली तर ते सरळ चहा म्हणून मागायचे आणि माझ्या शिव्या खायचे. ‘गाडी धुतोय’ म्हटलं की मी पुढे बोलायची नाही.

त्या दिवशी एकवीस नंबरने दीड वर्षाचा एक मुलगा आणला होता. बंगल्याच्या बांधकामावरच्या हौदात पडलेला. डॉ. ऋतुजा भोकरे गाडीवर होती. मिरजेकडची, सव्वीस वर्षांची, नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झालेली. बारीक अंगाची आणि हसली की अख्खी हसणारी. मी तिला चिडवायची, ‘तुला वारा आला तर स्ट्रेचरला बांधून ठेवावं लागेल गं.’ तिने सगळ्या वाटेत त्या मुलाची छाती दाबली आणि हाताने दाबायच्या पिशवीने श्वास दिला. अंबू बॅग म्हणतात तिला. मोठ्यांची वेगळी, पोरांची वेगळी, आणि गाडीत दोन्ही एकेकच. दवाखान्यातही अर्धा तास प्रयत्न चालला. दोन अडतीसला तिथल्या डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला दस्तगीरभाईंच्या आवाजावरून जे कळायचं ते कळलं होतं.

दोन सत्तेचाळीसला रांगेतून वैशालीने हात वर केला. ‘रजनीताई, बाळंतपण. लोहगाव रस्त्याच्या मागे, बांधकामावरच्या मजुरांच्या खोल्या. अंगावरून पाणी सकाळीच गेलंय.’

पडद्यावर पत्ता उमटला. त्याच्याखाली यंत्राने सुचवलं: सात नंबर, येरवडा, चोवीस मिनिटं. त्या दुपारी कात्रजकडे एका टेम्पोने बसला धडक दिली होती आणि माझ्या पाच गाड्या तिकडे अडकल्या होत्या. पूर्वेकडे हिरवी अशी सात नंबर एकटीच. आणि त्या खोल्यांपासून जेमतेम दीड किलोमीटरवर, दवाखान्याच्या आवारात, एकवीसचा लाल ठिपका.

‘कितवं आहे?’ मी विचारलं.

‘पहिलंच.’

पहिलटकरीण. म्हणजे वेळ लागणार. मी तो शब्द असा धरला जसा बुडता माणूस काडी धरतो. पहिलटकरणीला कळा रात्र रात्र चालतात, माझ्या धाकट्या बहिणीला अठरा तास लागले होते. चोवीस मिनिटांत काय होतंय? धुण्याची सहाच मिनिटं झाली होती, अजून नऊ उरली होती. एकवीसला सोडलं असतं तर शेडगेसाहेबांनी विचारलं असतं, लाल होती ती मोकळी कशी? मग आजवरची सगळी धुणी बाहेर आली असती. आणि ती पोर. तिच्या हातातून एक लेकरू आत्ता गेलंय, तिला मी लगेच दुसऱ्या लेकराकडे कशी पिटाळू?

मी सात नंबरला सोडलं.

सहा मिनिटं गेली. नगर रस्त्यावर सात नंबरचा पिवळा ठिपका मुंगीच्या पायाने सरकत होता. मी वायरलेसवर दोनदा विचारलं, दोन्ही वेळा उत्तर आलं, ‘ट्रॅफिक हलत नाही, ताई.’ सायरन मला ऐकू येत होता, पण पुढे जागाच नसेल तर सायरन तरी काय करणार?

दोन त्रेपन्नला वैशाली खुर्चीवरून उठूनच उभी राहिली. ‘ताई, तीच बाई परत. बाळ बाहेर आलंय. रडत नाहीये!’

मी एकवीसच्या लाल ठिपक्याकडे पाहिलं.

‘फोन माझ्याकडे टाक,’ मी म्हटलं. कानात आवाज येईपर्यंत मी डाव्या हाताने पर्समधला मोबाईल काढला. वायरलेसवर बोलले असते तर सगळ्या गाड्यांना आणि शेडगेसाहेबांनाही ऐकू गेलं असतं. इतक्या घाईतही ते मला सुचलं, याची आजही लाज वाटते.

‘भाई, मी रजनी. गाडी कितपत धुतली?’

‘खरं सांगू का, ताई? बादली पण आणली नाही अजून.’

‘मॅडम कुठायत?’

‘मागं बसल्यात, दार लावून. मगाशी कायतरी लिवत हुत्या. पत्रक भरत असतील. बोलंनात कुणाशी.’

‘त्यांना फोन द्या.’

‘आत्ता नको, ताई. पाया पडतो तुमच्या. लेकरागत आहे वो ती.’

दस्तगीर मुलाणी बार्शीकडचे, पन्नाशीचे. पाच महिन्यांत त्यांनी ऋतुजाला गाडीतलं सगळं शिकवलं होतं, ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या चावीपासून वडापाव कुठला खावा इथपर्यंत. ते सहसा कुणासाठी रदबदली करत नसत.

‘भाई, तुमच्यापासून दीड किलोमीटरवर आत्ता बाळ जन्मलंय. श्वास घेत नाही. सात नंबर अजून वीस मिनिटं लांब आहे.’

गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला, मग ‘मॅडम, ओ मॅडम,’ आणि मग ऋतुजाचा आवाज. सर्दी झाल्यासारखा, जड.

‘ताई, मला नाही जमणार. दुसऱ्या कुणाला पाठवा.’

दुसरं कुणीच नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मी शिकलेली नव्हते फार, धीर देण्याची भाषा मला येत नव्हती. जे काम समोर दिसलं तेच मी बोलले.

‘ऋतुजा, पोरांची पिशवी धुतलीयस का?’

‘नाही.’ मग जरा थांबून, ‘तशीच आहे. तिच्यात त्याच्या पोटातलं पाणी…’

‘मग ती आधी धुवायला घे. भाई गाडी चालवतील. पोचेपर्यंत स्वच्छ पाहिजे मला.’

नळाचा की बाटलीचा, पाण्याचा आवाज आला. पाठोपाठ इंजिनाचा.

उजव्या कानात ती बाई ओरडत होती. तिच्या मागे कुणीतरी थाळी बडवत होतं. न रडणाऱ्या बाळापाशी थाळी वाजवतात, तसं.

‘ताई, माझं नाव रजनी. तुमचं?’

‘वैजंता. अवो, नणंद हाय माजी. लेकरू निळं पडायलंय वो! काय करू सांगा!’

‘वैजंताताई, गाडी निघाली. पोचतेच. तोवर मी सांगते तसं करा. नाळ कापू नका. बाळाला उलटं धरू नका. कोरडं कापड आहे का?’

‘लुगडं हाय.’

‘त्याने पुसा. नुसतं टिपू नका, पाठ चोळा. वरून खाली. पुसलं?’

‘पुसायले.’

‘हलतंय का?’

‘न्हाई. मधीच उचकी दिल्यावाणी करतंय आन् परत गप. अवो, कांदा फोडून नाकाला लावू का?’

‘कांदा नको. काही लावू नका. ओलं कापड टाका, दुसरं कोरडं घ्या आणि आईच्या पोटावर ठेवून झाका. मान सरळ ठेवा, हनुवटी छातीला टेकू देऊ नका. पाठ चोळत राहा.’

‘माय गं, डोळं उघडंना…’

‘चोळत राहा, वैजंताताई. थांबू नका.’

हे सगळं आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावर होतं, मी ते शंभरदा वाचलं होतं. पण तक्त्यात थाळीचा आवाज नव्हता.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक बोट पुढे आलं आणि पडद्यावर टेकलं.

‘कुदळेबाई, एकवीस लाल आहे ना? मग ती पळतेय कुठे?’

मी फोनवर हात ठेवला. अशा वेळी मला खोटं बोलता येतं. एस.टी.च्या खिडकीवर मी वर्षानुवर्षं ‘आत्ता निघालीय’ सांगितलेलं होतं. पण त्या वेळी खोटं जुळवायला डोक्यात जागाच उरली नव्हती.

‘बाळाकडे, साहेब. ती मोकळीच होती. मी सांगितलं नाही.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता हे सगळ्यांसमोर ओरडणार, मला उठवणार, हे मी धरूनच चालले. ते वळले आणि त्यांनी वाहतूक पोलिसांचा लाल फोन उचलला. ‘कंट्रोल रूम, शेडगे. दवाखान्याच्या पुढचा चौक दोन मिनिटं मोकळा करा. पांढरी गाडी येतेय, एकवीस नंबर. नाही, आत्ता. मी फोनवर थांबतोय.’

चौकापाशी लाल ठिपका थांबला. मग तो पुढे सरकला, कच्च्या रस्त्याला लागला आणि नकाशावर जिथं रस्ताच नव्हता तिथं जाऊन उभा राहिला. दोन अठ्ठावन्न.

फोनमध्ये सायरन ऐकू आला आणि वैजंताने ‘आली, आली’ म्हणत फोन कुठेतरी खाली टाकला. त्यापुढचं सगळं मी जमिनीवर पडलेल्या त्या फोनमधून ऐकलं. धावणारी पावलं. दस्तगीरभाईंचं ‘बाजूला व्हा, वारा येऊ द्या.’ आणि मग एक आवाज, जो मी पाच महिन्यांत कधी ऐकला नव्हता.

‘ती थाळी बंद करा! मला ठोके ऐकायचेत!’

थाळी बंद झाली. फोनमध्ये नुसती खरखर. आमच्या खोलीत बाकीचे फोन वाजत होते, ते उचलले जात होते, पण सगळ्यांचा एक कान माझ्याकडे होता.

‘भाई, नळी. तोंडातलं ओढा. अजून. बस. पिशवी द्या.’ मग तिचं मोजणं सुरू झालं. ‘श्वास, दोन, तीन. श्वास, दोन, तीन.’ शेडगेसाहेब माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. ‘श्वास, दोन, तीन. छाती वर येत नाहीये. भाई, मान थोडी सरळ. हां. श्वास, दोन, तीन.’

मी देवाला मानणारी बाई आहे, पण त्या वेळी मला एकही नाव आठवलं नाही. मी तिच्याबरोबर मोजत होते एवढंच. वैशाली नंतर म्हणाली, ‘ताई, तुमचे ओठ हलत होते.’

‘ठोके वाढतायत,’ ऋतुजा म्हणाली. ‘श्वास, दोन, तीन.’

मग बारीकसा, मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. मग काहीच नाही. मग परत, जरा मोठा. आणि मग ते बाळ जे सुटलं, ते वैजंताच्या रडण्याच्या वर गेलं. तीन वाजून दोन मिनिटं. खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडे ते होत नाही. वैशालीने पुढचा फोन घेतला. मला पाणी कुणी आणून दिलं ते आठवत नाही.

‘कंट्रोल, एकवीस,’ वायरलेसवर दस्तगीरभाई बोलले. ‘बाळ-बाळंतीण घेऊन निघतोय. मुलगी हाय.’

शेडगेसाहेबांनी लाल फोन जागेवर ठेवला आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, ‘उद्या सकाळी नऊला माझ्याकडे या.’

ती मुलगी नऊ दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. मी रोज फोन करायची. दहाव्या दिवशी ती घरी गेली. पुढे सहा-सात महिन्यांनी दस्तगीरभाई त्या खोल्यांवरून आले तेव्हा मी विचारलं. ‘ब्येस हाय,’ ते म्हणाले. ‘मान जरा उशिरा धरली म्हणत्यात.’ काही पोरं मान उशिरा धरतात, त्यात विशेष काही नसतं. दस्तगीरभाईही तेच म्हणाले. पण मी सात नंबरला सोडलं तिथपासून त्यांना फोन केला तिथपर्यंतची सहा मिनिटं माझ्या डोक्यातून गेली नाहीत. त्या सहा मिनिटांत एकवीस नंबर निघाली असती तर बाळ जन्मलं तेव्हा ऋतुजा तिथं उभी असती. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. मीच दाखवते स्वतःला, अधूनमधून.

दुसऱ्या दिवशी नऊला मी साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा ते चक्क खुर्चीत बसलेले होते. ते पाहूनच मला वाटलं, नोकरी गेली. घरी नवऱ्याला सांगूनच आले होते की कदाचित दुपारीच परत येईन.

समोर आदल्या दिवशीचे सगळे कागद मांडलेले होते. वेळा लाल पेनने अधोरेखित.

‘हे धुणं किती वर्षं चाललंय?’

‘मी आले त्याच्या आधीपासून, साहेब.’

‘दोन सत्तेचाळीसला तुम्हाला माहीत होतं की दीड किलोमीटरवर गाडी मोकळी आहे?’

‘हो.’

‘आणि तुम्ही येरवड्याची पाठवलीत.’

‘हो, साहेब.’

‘का?’

‘पहिलटकरीण होती. वाटलं वेळ लागेल.’

‘खरं सांगा.’

‘त्या मुलीला बसू द्यायचं होतं थोडं,’ मी म्हटलं. मग बाकीचंही बोलले. ‘आणि तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं.’

त्यांनी मान हलवली. रागाने नाही, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. मग एक कागद माझ्याकडे सरकवला. रुग्णपत्रक. प्रत्येक पेशंटचं एक असतं, गाडीत त्यांचं पॅड असतं. प्रत्येकावर नंबर छापलेला. फाटलं, भिजलं, चुकलं, तरी ते फेकायचं नाही. पाळी संपली की सगळे नंबर ओळीने जमा करायचे, एक जरी कमी भरला तरी डॉक्टरला खुलासा द्यावा लागतो.

पत्रक बाळाचं होतं. ऋतुजाचं अक्षर, गाडीत लिहिल्यामुळे वेडंवाकडं. जन्म अंदाजे २.५२. पोचलो २.५८. श्वास नाही, ठोके मंद. पिशवीने श्वास दिला. ३.०२ बाळ रडले. ‘रडले’च्या खाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. पत्रकात तशा रेघा मारायची पद्धत नाही.

‘चांगलं भरलंय,’ मी म्हटलं.

‘उलटा.’

मी कागद उलटा केला. पाठीमागे तेच अक्षर, पण सरळ, शाळेतल्या पोरीसारखं नीटनेटकं. गाडी थांबलेली असताना लिहिलेलं.

‘माननीय महोदय, मी डॉ. ऋतुजा भोकरे, आजपासून कामावर येऊ शकत नाही. कृपया माझा राजीनामा मंजूर करावा. कारण माझ्या हातून’

तिथंच थांबलेलं. पूर्णविराम नाही, सही नाही. तिथं दस्तगीरभाईंनी दार उघडलं होतं.

मी ते तीनदा वाचलं. माझ्या डोळ्यांसमोर ती गाडी आली, दार लावून घेतलेली, दुपारच्या उन्हात तापलेली. आणि आत एकटी बसलेली ती बारीक पोर, मांडीवर पॅड घेऊन. मी तिला पंधरा मिनिटं दिली, म्हणजे फार मोठं काही दिलं, असं मला वाटलं होतं. त्याच फुशारकीत मी पडद्यावर लाल ठिपक्याची राखण करत बसले होते. आत काय चाललंय ते मला ठाऊक असतं म्हणे! मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

शेडगेसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. माझं आवरल्यावर म्हणाले, ‘वेळ दिलात. सोबत कोण दिलंत?’

‘कुणी नाही, साहेब.’

‘वेळ द्यायचा तो द्या. मी बघतो ते कागदावर कसं बसवायचं. पण धुवा म्हटलं की पुढच्या मिनिटाला फोन करायचा आणि बोलत राहायचं. काहीही बोला. तुम्हाला बोलायला विषय लागत नाही, हे मी चार महिने ऐकतोय.’

मग त्यांनी माझ्या शिक्षेचा कागद पुढे केला. ती त्यांनी माफ केली नाही आणि मीही माफ करा म्हटलं नाही. तीन महिने पडद्यावरून बाजूला, सामानाच्या खोलीत. रोज सकाळी अठ्ठावीस गाड्यांचं सामान तपासायचं, सिलिंडरपासून सुईपर्यंत. त्या तीन महिन्यांत मी एवढं केलं की प्रत्येक गाडीत पोरांची दुसरी पिशवी ठेवायला लावली. एक वापरली तर एक धुतलेली हवी.

मी सही केली आणि उठले. दाराशी पोचल्यावर विचारलं, ‘साहेब, याचं काय करू?’ पत्रक अजून माझ्या हातातच होतं.

‘फाइलला झेरॉक्स चालते,’ ते म्हणाले. त्यांनी पुढचा कागद ओढला होता आणि मान वर केली नाही. ‘मूळ प्रत भोकरे मॅडमना देऊन टाका. त्यांचा कागद आहे. काय करायचं ते त्या ठरवतील.’

ऋतुजा बाहेरच होती. रात्रभर झोपली नसावी, पण पाळीवर वेळेत आलेली. दस्तगीरभाई तिला बळेबळे चहा पाजत होते. मी दिसल्यावर तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे, आणि कप खाली ठेवला. मी तिला मानेनेच सांगितलं, थांब, आलेच.

जिन्याखाली आमचं झेरॉक्सचं मशीन होतं. तिथले पवारकाका नेहमीच्या सवयीने कागद उलटसुलट करून बघायला लागले.

‘पाठपोट काढू का, मॅडम?’

‘नको, काका,’ मी म्हटलं. ‘पुढचीच काढा.’